वातोची माणसं : एका चित्र-अभ्यासाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

फेब्रुवारीत अभ्यासगटासमोर वातोवर बोलायचं, हे आज ठरलं. तास-सव्वा तास, पडद्यावर चित्रं, शेवटी खडूचं थोडं प्रात्यक्षिक.

अँत्वान वातो, १६८४ ते १७२१. बागेत जमलेली रेशमी कपड्यांतली मंडळी, गिटार, कारंजी, पुतळे, कानातल्या गुजगोष्टी. 'फेत गालांत' म्हणून ओळखला जाणारा हा चित्रप्रकार त्याच्यापासून सुरू झाला आणि त्याच्या तोडीचं त्यात पुढे कुणी झालं नाही, असं माझं मत आहे. मला एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. इतकी माणसं, इतकी सजावट, तरी त्याच्या चित्रातला प्रत्येक जण एकटा का वाटतो?

याचं नेहमीचं उत्तर तयार असतं. त्याला क्षय होता, छत्तीस वर्षांचा असताना गेला, म्हणून चित्रांत उदासी. हे मला पुरेसं वाटत नाही. आजारपणाने माणूस खिन्न होईल, पण त्याने रेषा कुठे थांबेल आणि मान कुठल्या बाजूला वळेल हे ठरत नाही. उत्तर कामाच्या पद्धतीत सापडेल, असा माझा अंदाज आहे. तोच तपासायचा.

९ नोव्हेंबर

चरित्राचा भाग उरकतो.

जन्म वालांसिएनमधला. हे गाव त्याच्या जन्माआधी काही वर्षंच स्पॅनिश नेदरलँड्सकडून फ्रान्सकडे आलेलं, म्हणजे माणूस कागदोपत्री फ्रेंच आणि घडण फ्लेमिश. वडील घरांची छपरं शाकारणारे कारागीर. १७०२ च्या सुमारास तो पॅरिसला आला आणि नोत्र-दाम पुलावरच्या एका दुकानात नकला रंगवायला बसला. तिथे एक जण आभाळ रंगवी, दुसरा चेहरे, तिसरा कपडे. संत निकोलसचं चित्र वातोने तिथे इतक्या वेळा काढलं की ते त्याला समोर नमुना न ठेवता येऊ लागलं, असं त्याचा मित्र आणि चित्रविक्रेता जेर्सें याने लिहून ठेवलंय.

पुढे क्लोद जिलो या चित्रकाराकडे त्याला नाटकवाल्यांचं जग भेटलं. आर्लेकँ, मेझेतँ, पिएरो, डॉक्टर ही इटालियन विनोदी रंगभूमीची ठरलेली पात्रं. खरे इटालियन नट मात्र तेव्हा पॅरिसमध्ये नव्हते. चौदाव्या लुईने त्यांना १६९७ मध्ये हाकलून दिलं होतं आणि ते परतले १७१६ मध्ये, राजा गेल्यानंतर. म्हणजे वातोने ज्यांची चित्रं काढायला घेतली ते नट आधीच आठवणीतले होते. जत्रांमधल्या खेळांत त्यांची सोंगं तेवढी जिवंत होती.

१० नोव्हेंबर

कालच्या नोंदीत ओद्रां राहिला. क्लोद ओद्रां हा सजावटीचा चित्रकार लक्झेंबर्ग राजवाड्याची देखभाल पाहत असे. त्याच्या हाताखाली वातो वेलबुट्टी शिकला. राजवाड्यात फ्लेमिश चित्रकार रूबेन्सने रंगवलेली राणी मारी द मेदिसीची चोवीस भव्य चित्रं होती, ती त्याने रोज पाहिली. बाहेर बाग होती, तिथली वाढलेली, न छाटलेली झाडं त्याने काढली. त्याच्या चित्रांतली दाट, धुरकट झाडी व्हर्सायच्या कापीव बागेशी जुळत नाही, याचं एक कारण इथे सापडतं.

१७ नोव्हेंबर

आज काय्लुस वाचला आणि कामाला दिशा मिळाली.

काउंट काय्लुस वातोला जवळून ओळखत होता. १७४८ मध्ये पॅरिसच्या चित्रकला अकादमीत त्याने वातोवर भाषण केलं. भाषणात प्रेम आहे आणि कुरकुरही. त्याने सांगितलेली कामाची रीत अशी: वातो सतत रेखाटनं करी, पण कुठलं रेखाटन कुठल्या चित्रासाठी हे ठरवून करत नसे. रेखाटनं बांधलेल्या वहीत ठेवी. त्याच्याकडे नाटकी आणि झकपक कपड्यांचा साठा होता. घटकाभर बसायला कुणी तयार झालं की त्याला ते कपडे चढवी आणि जशी बैठक सहज जमेल तशी काढी. मग चित्र करायची वेळ आली की निसर्गाची पार्श्वभूमी आधी मनात योजलेली किंवा तयार असे, आणि वही चाळून त्यात बसतील ती माणसं निवडली जात.

म्हणजे बाग आधी, माणसं नंतर. आणि माणसं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत, एकेकटी बसलेली.

काय्लुसची तक्रारही इथेच आहे. त्याच्या मते वातोच्या रचनांना उद्देश नाही, त्यांत कुठल्या भावनेचा संघर्ष नाही आणि म्हणून चित्रकलेतली सगळ्यात झणझणीत गोष्ट, कृती, तीच नाही. अकादमीत वाढलेल्या माणसाला हे खटकणारच. तिथे इतिहासचित्र सर्वांत वरच्या पायरीवर होतं आणि इतिहासचित्रात प्रत्येक हात कथेसाठी उचललेला असतो. पण त्याने जी उणीव म्हणून नोंदवली तीच मला वातोची खूण वाटते. कुणी कुणासाठी बसलेलंच नव्हतं, मग एकमेकांकडे पाहणार कसे?

२३ नोव्हेंबर

खडू आणले. वातोची सगळ्यात प्रसिद्ध रेखाटनं तीन खडूंची आहेत: लाल, काळा, पांढरा, पिवळट-तांबूस कागदावर. त्याचा लाल खडू म्हणजे लोहयुक्त लाल मातीचा नैसर्गिक तुकडा. आपला गेरू त्याच जातीचा. आज दुकानात मिळणाऱ्या काँते कांड्या नंतरच्या, काँतेने ती कृती १७९५ मध्ये आणली. त्यामुळे नैसर्गिक खडूचा तो थोडा तेलकट, ओलसर लाल कांडीतून येत नाही. प्रात्यक्षिकाला कांडीच वापरेन, पण हा फरक सांगूनच.

न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात मेझेतँच्या डोक्याचं एक रेखाटन आहे, ते मोठं करून पाहत नक्कल केली. नक्कल करताना जे हाताला कळतं ते नुसतं पाहून कळत नाही. लाल खडू कातडीसाठी, हे उघड आहे. पण काळा तो केसांपुरता ठेवत नाही. नाकपुडीखाली, पापणीच्या कडेला, ओठांच्या फटीत काळ्याचा एकेक टोकदार ठिपका देतो आणि लगेच चेहऱ्यात रक्त फिरल्यासारखं होतं. पांढरा फार जपून. जिथे कागदाचा रंगच उजेडाचं काम करतो तिथे पांढऱ्याला हात लावत नाही.

आणखी एक दिसलं. तो एकाच कागदावर एकाच बाईचं डोकं तीन-चार बाजूंनी काढतो. समोरून, तिरकं, मान खाली, आणि पाठमोरं. पाठमोऱ्या डोक्यावर त्याचा विशेष जीव आहे. मानेवर वर ओढून बांधलेले केस, कानामागची सुटलेली बट, मानेचा उघडा उतार. चेहरा नसताना माणूस ओळखू यावा इतकी माहिती तो मानेत भरतो.

२४ नोव्हेंबर

अशी रेखाटनं शेकडो उरली आहेत. जेर्सें आणि काय्लुस दोघेही त्याच्या रेखाटनांना चित्रांपेक्षा वर ठेवत. रंगवताना तो उतावीळ होता. तेल भरमसाट वापरी, पॅलेट क्वचित साफ करी, असं काय्लुस सांगतो. त्यामुळे अनेक चित्रं लवकर काळवंडली, तडकली. आपण आज जी धूसर संध्याकाळ पाहून हळहळतो तिच्यातला काही भाग या तेलाचा आहे, हे बोलताना सांगायलाच हवं.

१ डिसेंबर

उसन्या माणसांचा माग काढायला बसलो होतो, तर आधी कुत्रा सापडला.

रूबेन्सच्या मेदिसी मालिकेत राणीच्या राज्याभिषेकाचं चित्र आहे, त्यात अगदी पुढे कुत्रे आहेत. त्यातला एक वातोने उचलला. लंडनच्या वॉलेस संग्रहातल्या संगीत-मैफलीच्या चित्रात तो आहे आणि शेवटच्या मोठ्या चित्रात, जेर्सेंच्या दुकानाच्या पाटीत, पुन्हा आहे. राज्याभिषेकातून निघून तो बागेत आला आणि बागेतून दुकानात. तिन्ही ठिकाणी भोवतीच्या समारंभाशी त्याला काही देणंघेणं नाही.

माणसांचंही तेच. 'ला सुरप्रीझ' या छोट्या चित्रात घट्ट मिठीतलं जोडपं आहे, ते रूबेन्सच्या गावजत्रेच्या चित्रातल्या नाचणाऱ्यांवरून घेतलेलं. त्यांच्या शेजारी मेझेतँ गिटार घेऊन बसलाय. रूबेन्सकडे ते जोडपं गावभरच्या दंग्यात मिसळून गेलं होतं. वातोने त्यांना दंग्यातून काढून एका गवयाशेजारी नेऊन ठेवलं. आता ते दोघं धुंद आहेत आणि तिसरा बाजूला. एका माणसाची जागा बदलून केवढी गोष्ट तयार झाली!

७ डिसेंबर

आज दिवसभर सितेर.

१७१२ मध्ये अकादमीने वातोला उमेदवार म्हणून घेतलं आणि प्रवेशचित्राचा विषय त्याच्यावर सोडला. अशी मोकळीक सहसा नसे. त्याने पाच वर्षं लावली. २८ ऑगस्ट १७१७ रोजी 'सितेर बेटाची यात्रा' दाखल झालं. अकादमीच्या नोंदवहीत आधी हेच नाव लिहिलं गेलं, मग खोडून तिथे 'एक फेत गालांत' एवढंच लिहिलं. हे चित्र आज लुव्रमध्ये आहे, १२९ × १९४ सेंमी. थोड्याच काळाने केलेली दुसरी, जास्त गजबजलेली आवृत्ती बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात.

सितेर हे प्रेमदेवता व्हीनसचं बेट. मंडळी यात्रेकरूंच्या वेशात, हातात काठ्या. उजवीकडे गुलाबांनी वेढलेला व्हीनसचा पुतळा, त्याच्या पायाशी पहिलं जोडपं. ती पंख्याकडे पाहत ऐकते आहे, तो गुडघ्यावर बसून काही सांगतो आहे. दुसरा पुरुष आपल्या सखीला दोन्ही हातांनी धरून उठवतो आहे. तिसरं जोडपं चालू लागलंय, त्याचा हात तिच्या कमरेला, आणि ती वळून मागे पाहते. तिथून सगळी मिरवणूक उतारावरून डावीकडे नावेकडे.

शिल्पकार रोदँने ही तीन जोडपी म्हणजे एकाच जोडप्याचे तीन क्षण असं वाचलं: मनधरणी, होकार, निघणं. हे वाचन मला फार आवडतं, पण माझ्या शोधाला आणखी उपयोगी आहे ते १९६१ मधलं मायकल लेव्हीचं. पुतळा इथेच आहे, म्हणजे मंडळी बेटावर पोचलेलीच आहेत, तेव्हा हे प्रस्थान बेटाकडे नसून बेटावरून परतीचं असणार, असं त्याने मांडलं. त्यावर वाद अजून चालू आहे.

मी दोन्ही वाचनं समोर ठेवून चित्र पाहत राहिलो. जाणं की येणं, हे ठरवणारी खूण वातोने कुठेच दिली नाही. सगळा भार त्या वळलेल्या मानेवर आहे. जायचं असेल तर ती मान उशीर करणाऱ्यांना बोलावते. परतायचं असेल तर ती सुखाचा निरोप घेते. वहीतून आलेली मान कुठल्याच एका कथेची नसते, म्हणून ती दोन्ही कथांत बसते. काय्लुसला कृती हवी होती, वातोने कृतीच्या अलीकडचा किंवा पलीकडचा क्षण दिला.

८ डिसेंबर

हेच युद्धाच्या चित्रांतही आहे. १७०९ मध्ये अकादमीच्या रोम-पारितोषिकात दुसरा आल्यावर तो काही काळ वालांसिएनला परतला. स्पेनच्या वारसायुद्धाची आघाडी जवळच होती. त्याच सप्टेंबरात मालप्लाकेची भयानक लढाई त्या भागात झाली. वातोने सैनिक काढले, पण लढाई काढली नाही. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातल्या चित्रात वालांसिएनच्या वेशीजवळ शिपाई लवंडलेत, कुणी गप्पा मारतोय, कुणी झोपलाय. म्हणजे वृत्ती आधीपासूनची होती. बागेत ती रेशमी कपडे घालून आली.

१५ डिसेंबर

संगीताची चित्रं. वॉलेस संग्रहातलं ते कुत्र्याचं चित्र पुन्हा उघडलं. खांबांच्या उंच मंडपाखाली एक माणूस उभा राहून लांब मानेचं थिऑर्बो वाद्य घेऊन आहे. त्याच्याकडे आधी वादक म्हणून पाहिलं होतं. नीट पाहिलं तर तो वाजवत नाहीये, स्वर लावतोय. बाकीचे वाट पाहत आहेत, तीही फारशा उत्सुकतेने नाही. एखाद-दुसरा लहान मुलांकडे पाहतोय.

ही वेळ आपल्याकडच्या श्रोत्याला वेगळी समजवावी लागणार नाही. बैठकीत तंबोरे जुळत असतात, कुणी पान लावतं, कुणी मागे कोण आलं ते पाहतं. सगळे जमलेले, पण अजून एक झालेले नाहीत. वातोने आयुष्यभर ही वेळ रंगवली.

२१ डिसेंबर

पुतळे. त्याच्या बागांत दगडी पुतळे जागोजाग आहेत आणि ते जिवंत माणसांपेक्षा जास्त बोलतात. मेटमधल्या 'मेझेतँ'मध्ये (जेमतेम ५५ × ४३ सेंमी) गवई मान वर करून आर्ततेने गातोय. कुणासाठी, ते चौकटीबाहेर. मागे झाडीत एका स्त्रीचा पुतळा आहे आणि तो पाठमोरा! गाण्याचं उत्तर त्या पाठीत मिळतं. वॉलेसच्या दुसऱ्या एका बागचित्रात चौथऱ्यावर निजलेली नग्न स्त्री आहे, ती वातोच्याच आधीच्या एका पौराणिक चित्रातली, फक्त दगडाची झालेली. खाली सभ्य मंडळी गवतावर बसली आहेत आणि त्यांच्या मनातलं वर दगडात कोरलेलं आहे.

२८ डिसेंबर

तुलनेसाठी लांक्रे.

निकोला लांक्रे वातोहून सहा वर्षांनी लहान, तोही जिलोच्या हाताखाली शिकलेला, १७१९ मध्ये याच प्रकाराचा चित्रकार म्हणून अकादमीत दाखल. बाग तीच, कपडे तेच. पण त्याच्याकडे लोक खरोखर मजा करतात. नर्तकी कामार्गो नाचते तेव्हा सगळे तिला पाहतात. १७३५ मध्ये पंधराव्या लुईच्या भोजनदालनासाठी केलेल्या चित्रात (आता शांतीयीच्या संग्रहालयात) टेबलावर हॅम आहे, गवतावर बाटल्या लोळताहेत, एक जण उभ्याने पेला भरतोय. मेजवानी ऐन भरात आहे. राजाला हे आवडलं यात नवल नाही, मलाही आवडतं. लांक्रेला कमी लेखायची रीत आहे, ती मी पाळणार नाही.

पण दोघांच्या स्लाइड शेजारी ठेवल्या की माझा मुद्दा आपोआप उभा राहतो. लांक्रेची माणसं त्या मेजवानीसाठी काढलेली आहेत. वातोची माणसं मेजवानीला येऊन पोचली आहेत.

५ जानेवारी

प्रयोग करून पाहिला. माझ्या जुन्या स्केचवह्यांत घरच्यांची रेखाटनं आहेत: मटार सोलणारी मावशी, फोनवर बोलताना भिंतीला टेकलेला मामेभाऊ, रुसून पाठ करून बसलेली भाची, दाराकडे पाहणारे काका. वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या घरांतली. झाडांची एक पार्श्वभूमी आधी खडूने केली, मग ही चौघं त्यात उतरवली. हातातल्या वस्तू काढून टाकल्या. मटार नाहीत, फोन नाही.

संध्याकाळी चित्र ताईला दाखवलं, काही न सांगता. ती म्हणाली, "हा हिच्याशी भांडलाय का? आणि ते काका, त्यांना कळलंय पण ते बोलणार नाहीत." दोन चेहरे कधी एका खोलीत नव्हते. वस्तू गेल्यावर हात रिकामे झाले आणि रिकाम्या हातांना पाहणाऱ्याने अर्थ दिला.

वातोच्या हातांकडे आता पुन्हा पाहायला हवं. पंखा धरलेला पण न उघडलेला हात, काठीवर ठेवलेला पण भार न दिलेला हात.

१२ जानेवारी

पिएरो. लुव्रने या चित्राची दुरुस्ती-सफाई करून ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असं त्याच्याभोवती स्वतंत्र प्रदर्शन मांडलं. सफाईनंतरची छायाचित्रं पाहिली. जुन्या वार्निशखालचा पिवळा गेला आणि पांढरा डगला खरंच पांढरा झाला. त्यात निळसर, गुलाबी, राखी किती तरी छटा आहेत.

चित्र जवळपास माणसाच्या उंचीचं, साधारण १८४ × १४९ सेंमी, वातोच्या मानाने अवाढव्य. पिएरो समोर उभा, हात दोन्ही बाजूंना सरळ लोंबलेले, बाह्या जरा लांब, विजार जरा आखूड. खालच्या बाजूला, जणू रंगमंचाच्या मागच्या खड्ड्यात, बाकीची पात्रं एका गाढवाला ओढताहेत. गाढवावर डॉक्टर. गाढवाचा एक डोळा आपल्याकडे.

माझ्या सिद्धान्तासाठी हे चित्र सोपं आहे, कदाचित जरा जास्तच सोपं. वहीतला एक माणूस त्याने बागेत न नेता तसाच, एकटा, मोठा केला. इथे मला जास्त काही बोलायचं नाही. चित्र पडद्यावर दोन मिनिटं नुसतं ठेवेन.

१९ जानेवारी

जेर्सेंची पाटी. लंडनमध्ये एक हिवाळा काढून वातो १७२० मध्ये परतला, तब्येत आणखी बिघडवून. जेर्सेंला म्हणाला, तुझ्या दुकानासाठी पाटी करतो, बोटं मोकळी करायला. दुकान नोत्र-दाम पुलावर, म्हणजे जिथे वीस वर्षांपूर्वी तो संत निकोलसच्या नकला करत होता त्याच पुलावर. जेर्सें सांगतो की आठ दिवसांत झालं आणि तेही फक्त सकाळी काम करून. पाटी बाहेर थोडेच दिवस राहिली, लगेच विकली गेली. पुढे प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिककडे, आणि आता शार्लोटेनबुर्गला.

इथे बाग नाही. दुकानाची पुढची भिंत काढून टाकल्यासारखी आहे, आपण रस्त्याच्या दगडांवर उभे. डावीकडे चौदाव्या लुईचं चित्र पेटीत भरलं जातंय. गुलाबी रेशमातली एक स्त्री पायरी चढून आत येते, पाठमोरी, आणि ओझरतं त्या पेटीकडे पाहते. तिच्या पाठीवरून खांद्यापासून जमिनीपर्यंत सोडलेल्या चुण्या आहेत, अशा चुण्यांना पुढे वातोचंच नाव पडलं. उजवीकडे एक म्हातारा गुडघ्यावर बसून काचेतून चित्रातल्या नग्न स्त्रिया निरखतोय.

सगळे पाहताहेत, पण माणसांकडे कुणी पाहत नाही, चित्रांकडे पाहतात. पद्धत तीच आहे, फक्त या वेळी माणसांना एकत्र यायला खरं कारण दिलंय. म्हणून हे त्याचं सगळ्यात नीट जुळलेलं चित्र असं मला वाटतं.

२६ जानेवारी

स्लाइडचा क्रम पक्का केला. आजारपणाची स्लाइड काढून टाकली. १८ जुलै १७२१, नोजां-सुर-मार्न, एवढी ओळ शेवटी राहील. सुरुवात रेखाटनांपासून: आधी पंधरा मिनिटं नुसती डोकी, हात, पाठी, एकही पूर्ण चित्र नाही. मग तीच वळणं असलेली माणसं चित्रांत शोधायला सांगायची. नंतर काय्लुसची तक्रार, सितेर, थिऑर्बोवाला, लांक्रे, पाटी.

जुलिएनलाही जागा द्यायची आहे. कापड-धंद्यातला हा मित्र वातो गेल्यावर त्याची रेखाटनं कोरून घ्यायला बसला. १७२६ ते १७२८ या काळात त्यांचे दोन खंड निघाले. चित्रकाराच्या सुट्या रेखाटनांना एवढा मान देऊन छापणं तेव्हा नवीनच होतं. कोरणाऱ्यांत तरुण चित्रकार बूशे होता, छपाईचे शंभराहून जास्त कोरीव पत्रे त्याने एकट्याने केले. वातोची वही अशी सगळ्यांची झाली. बूशेने त्या माना आणि पाठी कोरताना काय उचललं, हे त्याच्या पुढच्या चित्रांत दिसायला हवं. उद्यापासून ते पत्रे एकेक करून बूशेच्या चित्रांशेजारी लावून पाहणार आहे.